तीन दिवस जवळ ठेवायचं

कोरेगाव,
रविवार, ९ जून २०२४

चि. यशराज यास,
अ. उ. आ.

तुझा फोन आला तेव्हा मी सेंटरवर होते, आईनं घेतला. सांगलीत कुणा सरांकडं लागलास आणि लोकांना नोकरीतल्या अडचणींवर सल्ला देतोस, असं म्हणालास म्हणे. आईनं गल्लीत सांगून टाकलं की आमचा यशा दवाखान्यात लागला. माणसांच्या नाही, नोकऱ्यांच्या, असं मी समजावलं, तर म्हणाली, मग सात नोकऱ्या ह्यानं मारल्या, आता औषध बी हाच देणार व्हय. मला दोन दिवसांनी हसू आलं.

फोन करत नाही, पत्र लिहितेय. फोनवर बोललेलं तू दुसऱ्या दिवशी नाकबूल करतोस. आष्ट्याच्या ट्रॅक्टर शोरूमचं काम सोडलंस तेव्हा सोडणार नाही म्हणून तीनदा सांगितलं होतंस. कागदावर लिहिलेलं तरी जागेवर राहतं. अण्णा पलटणीतून पत्रं धाडायचे तेव्हापासूनची आपल्या घरातली ही रीत आहे, तुलाही ठाऊक आहे. आणि त्यांचा दुसरा नियमही: लिहिलेलं पत्र घरात ठेवायचं नाही, त्याच दिवशीच्या डाकेला टाकायचं.

आता माझं. अकरा वर्षं मी या चिलिंग सेंटरवर दुधाची तपासणी करते. कॅनचं झाकण उचललं की नुसत्या वासावर सांगते, हे सकाळचं, हे कालचं, ह्यात सोडा टाकलाय. मशीन मागाहून तेच सांगतं. गेल्या महिन्यात साहेबांनी, म्हणजे हंबीररावांनी, त्यांचा भाचा धवल याला तपासणीच्या टेबलावर बसवलं. त्याला काम मीच शिकवलं. मला फाटकावर उभं केलंय, कॅनचे नंबर लिहायला. वर पाहुणे आले की सगळ्यांपुढं म्हणतात, बाई, तुमी जरा चहाचं बघा. परवा धवलनं नासकं दूध पुढं सोडलं. मला फाटकावरून वास आला, मी सांगायला गेले, तर साहेब म्हणाले, नाक घरी वापरा.

दाजींना कळवलं नाही. ते राजस्थानात, उगाच डोक्याला घोर. मला पगारवाढ नको, काही नको, माझं टेबल पाहिजे. साहेबांशी कसं बोलू? मी बोलायला लागले की आवाज कापतो. तुझ्या सरांना विचार. आणि विचारून उत्तर लिही, मधेच दुसरीकडं जाऊ नकोस.

जेवत जा. आईचा हात तुझ्या डोक्यावर आहेच, माझाही आहे.

तुझी ताई,
संयोगिता

माधवनगर, सांगली,
१७ जून २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून डोकं फिरलं. त्या हंबीररावाला एकदा कृष्णेच्या डोहात मगरीपुढं उभा केला पाहिजे. इथं घाटावर सध्या लय मगरी दिसतात. परवा एक वाळूवर तोंड उघडं टाकून पडलेली, लोक पुलावर गाड्या थांबवून फोटो काढत होते. असो.

आमचे सौमित्र सर लय हुशार माणूस. आधी मुंबईत मोठ्या कंपनीत होते, माणसं कमी करायच्या खात्यात. आता माणसं उभी करतात. मला म्हणाले, सात नोकऱ्या सोडलेला माणूसच नोकरी बदलण्यावर बोलू शकतो. आजवर माझ्या बायोडाटाचं कुणी कौतुक केलं नव्हतं गं. तीन आठवड्यांचं ट्रेनिंग झालं. सध्या बोर्ड लावतो, हॉलमध्ये खुर्च्या मांडतो, पण लोकांची पहिली माहिती मीच घेतो. एक बँकवाला रडला माझ्यापुढं. मला काय करावं सुचेना, मी त्याला भडंग दिलं.

तुझं सरांना सांगितलं. ते म्हणाले, हिला मनातलं पत्र दे. हा सरांचा ठेवणीतला उपाय आहे, त्यांच्या पुस्तकात छापलेला. नीट वाच. एक, साहेबाच्या नावानं पत्र लिहायचं आणि काय काय झालं ते सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही, दुसऱ्यांचं पाहिलेलंही. दोन, त्यानं तुला काय वाटलं. तीन, तुझं काय गेलं. आणि शेवटचं वाक्य सरांनी ठरवून दिलेलं आहे, ते जसंच्या तसं पाहिजे: आजपासून मी तुमच्या हाताखाली नाही. खाली सही. हे झालं की पत्र तीन दिवस जवळ ठेवायचं. आणि मग

थांब, खाली बिराप्पा आलाय. आष्ट्याला बोर्ड लावताना भेटलेला मेंढरंवाला, मी त्याला गमतीत कार्ड दिलं, तो खरंच आला. दोनशे मेंढरं मैदानात उभी करून आलाय. म्हणतो, माझा कुत्रा आताशा ऐकत न्हाई, सायेब त्याला कोचिंग देत्याल का. सर म्हणाले, कुत्र्याला कशाला, तुम्हाला देतो, तुम्ही दुसरा धंदा बघा. बिराप्पा म्हणाला, दुसरा धंदा बघतो, पर मेंढरांस्नी तुमी सांगा. मी इतका हसलो की सरांनी बाहेर काढलं. मग त्याच्यासंगं मैदानापर्यंत गेलो, मेंढरं बघितली, चहा झाला, आणि एका पिल्लाचं नाव त्यानं माझ्यावरून ठेवलं.

तर असं आहे ताई. एवढं केलंस की मोकळी झालीस समज. सर म्हणतात, या पत्रानं माणूस बदलतो. कागद संपला.

आईला नमस्कार. तुझी माया आहे तोवर मला कुणी हलवत नाही.

तुझा,
यशा

कोरेगाव,
गुरुवार, २७ जून २०२४

चि. यशास,
अ. उ. आ.

केलं बाबा. तू सांगितलंस तसं, अक्षरही न गाळता. चार पानं झाली. लिहिताना हात कापला नाही, हे तुझ्या सरांना सांग. सगळं आलं त्यात. नाक घरी वापरा म्हणाले ते. मंगलला, आमच्या कॅन धुणाऱ्या बाईला, साहेब रविवारी स्वतःच्या घरी झाडलोटीला बोलावतात आणि गेली नाही की तिचा खाडा मांडतात, ते. तू लिहिलंस ना, दुसऱ्यांचं पाहिलेलंही लपवायचं नाही. आणि ते शेवटचं वाक्य, आजपासून मी तुमच्या हाताखाली नाही, ते मला जरा जड वाटलं, पण सरांचं आहे म्हणून जसंच्या तसं ठेवलं.

मग तीन दिवस जवळ ठेवलं. अण्णांचा नियम पहिल्यांदाच मोडला. तांदळाच्या डब्यात होतं, सारखं वाटत होतं घरात कुणी उपाशी बसलंय. त्यापुढं काय करायचं ते तू लिहायचा राहिलास, बिराप्पाची मेंढरं मधे आली. पण पत्र लिहून दुसरं काय करतात, ज्याचं त्याला द्यायचंच असतं. सोमवारी सकाळी साहेबांच्या हातात दिलं. बघतो म्हणाले. आज चौथा दिवस, काहीच बोललेले नाहीत, पण चहाचं सांगितलं नाही. मला वाटतं फरक पडतोय.

आईनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय. त्या पिल्लाला मात्र दुसरं नाव द्यायला सांग, एक यशा पुरे.

खुशाली कळवत राहा, एवढंच मागणं.

ताई

माधवनगर,
३ जुलै २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. खरंच दिलंस? साहेबाच्या हातात?

बरं. म्हणजे चांगलंच. धाडसच आहे ते. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, परत सांग. मग म्हणाले, काही माणसं पुस्तकाच्या पुढं जातात. म्हणजे कौतुकच केलं.

एक विचारू का? ते पत्र परत मागून घेता येईल का? नको, राहू दे. उगाच संशय यायचा.

इथं हळदीच्या बाजारात लय गर्दी आहे. काल एक हमाल भेटला, पाठीवर पोतं घेऊन माझ्याशी दहा मिनिटं बोलला, खाली ठेवा म्हटलं तर म्हणाला, ठेवलं की उचलवत न्हाई. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलंय, सरांना आवडेल. पाऊस बरा आहे. चटणी पाठव. मी ठीक आहे.

तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे, या वेळी जरा जास्तच.

यशा

कोरेगाव,
रविवार, २१ जुलै २०२४

चि. यशराज यास,
आशीर्वाद.

मध्यंतरी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. आता लिहिते.

दोन जुलैला सकाळी दूध घालायला गावोगावच्या संस्थांची माणसं आलेली, वीस-पंचवीस जण. साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. चष्मा विसरलाय म्हणून पत्र धवलच्या हातात दिलं आणि मोठ्यानं वाच म्हणाले. तो वाचत होता, मी फाटकात उभी होते, हातात कॅनच्या नंबरांची वही. माझं नाक मी अकरा वर्षं या सेंटरला दिलं, असं एक वाक्य होतं. तिथं सगळे हसले. धवलला ते परत वाचायला लावलं.

शेवटच्या वाक्यावर साहेब म्हणाले, बाईंनी सोताच्या हातानं लिवून दिलंय, हाताखाली न्हाई म्हणून, मग आपण कशाला आडवं यायचं. त्यावरच मंजूर असं लिहून शिक्का मारला. माझा राजीनामा झाला, यशा. मी तो दिलाच नव्हता.

मंगलला पुढं बोलावलं आणि विचारलं, रविवारी घरी येतीस ती जबरदस्तीनं का. तिचं घर त्या पगारावर चालतं, दोन पोरी शिकताहेत. ती म्हणाली, न्हाई सायेब, मी माझ्या मनानं येते. तसं तिच्याकडून लिहून घेतलं. लिहिताना तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. आता तिला पहाटेच्या पाळीला टाकलंय. रस्त्यात दिसली की ती पलीकडच्या बाजूनं जाते.

पत्राचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. मंडईत कोथिंबीर घेताना एकजण म्हणाला, वैनी, वास घेऊन सांगा, ताजी हाय का. तेव्हापासून मी पेठेत जात नाही. आईला वाटतं, मी रजेवर आहे.

एकच सांग. तुझ्या सरांनी हे असंच सांगितलं होतं ना?

ताई

माधवनगर,
५ ऑगस्ट २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये जेवण होतं.

सर म्हणाले, नोकरी गेली असं म्हणायचं नाही, जागा मोकळी झाली म्हणायचं. ते तुझ्याकडून काही न घेता सहा भेटी द्यायला तयार आहेत, फोनवर. सरांच्या एका भेटीला लोक महिनाभर थांबतात, हे ध्यानात घे. तू दुसऱ्या डेअरीत जाऊ शकतेस, स्वतःचं पनीर काढू शकतेस. एवढं नाक असलेली बाई घरी का बसेल?

अजून एक. रागावू नकोस. सरांनी मला तुझी गोष्ट हॉलमध्ये सांगायला लावली. नाव नाही घेतलं, नुसतं सातारा जिल्ह्यातली एक बहीण म्हटलं. अकरा वर्षं सोसलं आणि एके दिवशी साहेबाच्या हातात कागद ठेवून बाहेर पडली, असं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या बँकवाल्यानंही. सरांनी मला सहायक मार्गदर्शक केलंय आणि एक कोट दिलाय, बाह्या जरा लांब आहेत. मी राखीला येतो आणि त्या हंबीररावाला भेटतोच. शब्द आहे.

आईला काही सांगू नकोस. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच.

यशा

कोरेगाव,
बुधवार, १४ ऑगस्ट २०२४

चि. यशास,
आशीर्वाद.

सोबत राखी आहे, न जाणो येणं जमलं नाही तर. मला पनीर काढायचं नाही. सरांच्या भेटी नकोत. टाळ्यांचं मी वाचलं, त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

तुझ्याकडून एकच काम पाहिजे. साहेबांच्या वर दूध संघाचे एक जुने संचालक आहेत, लालासाहेब, अण्णांना ओळखायचे. ते म्हणाले, पोरी, ही सल्ल्याची रीत होती, राजीनामा न्हवता, असं तुज्या भावानं येऊन सांगू दे आणि ते छापलेलं पुस्तक दावू दे, मी बैठकीत विषय घेतो. सप्टेंबरअखेर बैठक आहे. तू ये आणि सरांचं पुस्तक घेऊन ये. बाकी काही आणू नकोस.

वाट बघते.

ताई

माधवनगर,
२९ सप्टेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राखीला जमलं नाही, गणपतीतही नाही, आणि या आठवड्यातही जमलं नाही. काल शनिवार, निघणारच होतो, पण सरांनी आष्ट्याला पाठवलं. दिवसभर तिथंच अडकलो. बिराप्पा भेटला, त्याचा कुत्रा आता ऐकतो म्हणाला. पुस्तकाचं म्हणशील तर सगळ्या प्रती संपल्यात, नवीन छापायला दिल्यात, आल्या की पहिली तुला.

बैठक झाली असेल. लालासाहेबांना सांग, पुढच्या वेळी नक्की. इथं उन्हाचा चटका वाढलाय, कोटात जीव जातो. आईच्या गुडघ्याला तेल लावत जा.

तुझ्या लोभातला,
यशा

कोरेगाव,
शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०२४

यशराज,

काल घट बसले. दुपारी मंगल आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि पदराखालून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. तुझ्या सरांचं. पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून तुझं नाव आणि सही.

मग तिनं सांगितलं. शनिवारी सेंटरवर शिबिर होतं, कामगारांनी साहेबांशी कसं बोलावं याचं. माझ्या पत्रामुळंच हंबीररावांना ते घ्यायचं सुचलं म्हणे. घ्यायला तू आला होतास. आष्ट्याला नाही, कोरेगावला. आपल्या घरापासून चार मिनिटांवर.

तेराव्या पानावर मनातलं पत्र आहे. तू तिथं उभा राहून सगळं नीट सांगितलंस, असं मंगल म्हणाली. पत्र तीन दिवस जवळ ठेवायचं. आणि मग मोठ्यानं एकदा वाचायचं, फाडायचं, कुणालाही द्यायचं नाही. एका माणसालाही नाही. पुस्तकात ही ओळ ठळक आहे, खाली रेघ मारलेली. तू एवढी एक ओळ लिहिली असतीस तर मी आज टेबलावर नसते कदाचित, पण फाटकावर असते, आणि मंगल माझ्या घरात चहा पीत असती.

मग म्हणे धवलनं विचारलं, सर, कुणी देऊन टाकलं तर? सगळे हसले. हंबीररावही. त्यांना ठाऊक होतं तू कोण, अण्णांचं आडनाव या तालुक्यात लपत नाही. तू कोटाची बाही वर सारलीस आणि म्हणालास, काही लोक सूचना पुरती वाचत नाहीत. मंगलला हे वाक्य तोंडपाठ होतं. तिनं ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मी ऐकलं नाही असं तिला वाटलं.

तुझ्या १७ जूनच्या पत्राचं दुसरं पान सोबत जोडलंय. आणि मग, इथं तुझी सूचना संपते आणि मेंढरं सुरू होतात. पुरतं वाच. मी पुरतं वाचलं होतं.

चूक झाली ती झाली, यशा. तू लहानपणापासून निम्म्यात उठतोस, शाळेतून, जेवणावरून, नोकरीवरून. ती सवय मला माहीत होती, तरी मी तुला विचारलं, ते माझं. पण तीन जुलैच्या पत्रात, पत्र परत मागता येईल का म्हणून विचारलंस, तेव्हा तुला कळलेलं होतं. त्या दिवशी सांगितलं असतंस तर त्या पुस्तकाची वाट बघत मी दीड महिना लालासाहेबांकडं फिरले नसते. बैठक सत्तावीसला झाली. माझा विषय आला नाही. पुस्तक आल्यावर बघू, म्हणाले.

तुझ्या सरांची रीत मी या पत्रात पाळलीय. काय झालं ते लिहिलं. काय वाटलं ते वर कुठं कुठं आलंच असेल. काय गेलं त्याची यादी करत नाही, तुला त्यातलं निम्मं कळणार नाही. राहिलं ते शेवटचं ठरलेलं वाक्य. ते तुला लागू पडत नाही. मी तुझ्या हाताखाली कधी नव्हते, तू माझ्या हाताखाली वाढलास. अण्णा सीमेवर असताना तुला पहिलं अक्षर मी गिरवायला दिलं, पहिलं पत्र मी लिहायला लावलं. म्हणून ते वाक्य गाळते.

सोमवार, ७ ऑक्टोबर

तीन दिवस जवळ ठेवलं, तांदळाच्या डब्यात. आज सकाळी आईपुढं मोठ्यानं वाचलं. तिला आता सगळं कळलंय, मी रजेवर नाही हेही. तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, फाड आता, लेकरू हाय.

पुस्तकातही फाडच म्हटलंय. या वेळी मी सूचना पुरती वाचलीय. पण आपल्या घरात लिहिलेलं पत्र ठेवत नाहीत आणि फाडतही नाहीत, ज्याचं त्याला देतात. दुपारच्या डाकेला टाकतेय.

दिवाळीला आईला भेटायला ये. तिच्या लोभात तू आहेस. माझं विचारू नकोस.

संयोगिता